स्लॅबवरची खारी

स्लॅबवर एकवीस कुंड्या होत्या. नऊ मातीच्या, सात रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या, चार कडी तुटलेल्या बादल्या आणि एक शांतीबाईची जुनी कढई, तिच्यात पुदिना. चुनीलालने त्या दोनदा मोजल्या. काल संध्याकाळी वीस होत्या. म्हणजे छताचं प्लास्टर पडल्यावर, घरात एवढं रामायण झाल्यावर, सुनेने आणखी एक वर चढवली होती.

बाकी वर होतं ते सगळं त्याचं. पाण्याची एक टाकी, पश्चिमेला दोन पन्हाळी, एक मोडकी खाट, आणि पूर्वेच्या कठड्यालगतचा कुंड्यांचा पट्टा सोडला तर या कडेपासून त्या कडेपर्यंत खारी. पंधरा वर्षांत थरावर थर बसलेली, पांढुरकी, टणक, अनवाणी पायाला सारवलेल्या अंगणासारखी लागणारी. चुनीलालने टाच आपटून पाहिली. आवाज भरीव आला. एवढ्या भरीव छपरातून पाणी खाली जातं म्हणे. जात असेल तर ते कुंड्यांचंच.

खारी म्हणजे नाल्याच्या काठाला सापडणारी खारट माती. शहादा तालुक्यातल्या त्या तापीकाठच्या गावात बरीच घरं अजून धाब्याची होती, लाकडी तुळयांवर काटक्या आणि काटक्यांवर मातीचं सपाट छप्पर. अशा धाब्यावर दर वैशाखात खारी पसरायची, पाणी शिंपडायचं आणि चोपायची. पाऊस लागला की ती फुगते, गच्च होते, थेंब खाली जाऊ देत नाही. पण सगळी खारी सारखी नसते, आणि खरी खारी ओळखणारी चुनीलालची जीभ गावात नावाजलेली होती. लोक चिमूटभर माती कागदात बांधून त्याच्याकडे आणायचे. तो ती जिभेवर ठेवायचा. आधी खारट, मग कडवट, आणि शेवटी साबणावरून सरकल्यासारखी जीभ घसरली पाहिजे. घसरली नाही तर तो थुंकायचा आणि म्हणायचा, "हाई वावरनी माटी शे. कांदा लाव हिच्यात."

त्याच्या घराचा मागचा निम्मा भाग अजून धाब्याचाच होता आणि ठणठणीत कोरडा होता. पुढचा भाग पाडून स्लॅब टाकला तो चुलतभावाच्या मुलाने, हेमकांतने. हेमकांत गवंडीकामाचे ठेके घ्यायचा. पहिल्याच पावसाळ्यात पन्हाळीजवळ एक थेंब ठिबकायला लागला. हेमकांत "उद्या येतो" म्हणाला आणि चार महिने फिरकला नाही. शेवटी चुनीलालने तिथे दोन घमेली खारी टाकून चोपली. थेंब थांबला. पुढच्या वर्षी त्याने सगळ्या स्लॅबवर खारी चढवली, आणि मग दरवर्षी. त्याचं बघून गल्लीतल्या आणखी चार घरांनी आपापल्या स्लॅबवर चढवली. हेमकांतला जे जमलं नाही ते चुनीलालने मातीने केलं, असं लोक म्हणत, आणि चुनीलाल ते ऐकून ऐकलं नाही असं दाखवी.

काल दुपारी पुढच्या खोलीत छताचा पाटाएवढा तुकडा थेट रोशनीच्या उशीवर पडला. नात तीन वर्षांची. ती तेव्हा अंगणात शेळीला पाला चारत होती म्हणून बरं.

चुनीलाल जिना उतरून अंगणात आला. त्याची बायको शांतीबाई ओट्यावर तूरडाळ निवडत होती. स्वयंपाकघराच्या दाराआड पदराचा काठ दिसत होता. तो पदर नूतनचा. लग्नाला चार वर्षं झाली, पण सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही ही त्या घराची रीत तिने मोडली नव्हती. बोलणं व्हायचं ते सासूमार्फत. सुरुवातीला ती मर्यादा होती. आता दोघांनाही ती सोयीची झाली होती, कारण तोंडावर बोलता येत नाही ते सासूच्या नावाने भिंतीवर फेकता येतं.

"धीरजनी माय," चुनीलाल म्हणाला, "इचार तिले, कढई कोनी चढाई वर?"

"मी काय टपाल शे का?" शांतीबाईने मान वर केली नाही. "ती चार हातवर उभी शे. तिले कान शेतस."

"आई," दाराआडून आवाज आला, "आबांना सांगा, कढईला भोक पडलं होतं. भंगारात जाण्यापेक्षा वर बरी."

नूतन म्हसावदची. एरवी तीही इथलीच बोली बोलायची. पण भांडायचं असलं की ती शाळेतल्या मराठीवर यायची, आणि ते चुनीलालला जास्त झोंबायचं. समोर जणू तहसील कचेरी उभी आहे असं वाटायचं.

"सांग तिले, भोक कढईले नही, मन्हा स्लॅबले पडेल शे. रोज एकवीस कुंड्यासनं पानी मुरस, उतारवरथून खोलीना मधमा येस."

"आई, आबांना आठवण करून द्या. कुंड्या माझ्या लग्नानंतरच्या. छताला पोपडे त्याआधीचे. माझे वडील घर बघायला आले तेव्हा पुढच्या खोलीत छताखाली कागदी तोरण ताणलेलं होतं. भर मे महिन्यात, कुठला सण नसताना."

शांतीबाईच्या तोंडून हसू निसटलं. तिने ते खोकल्यावर नेलं. तोरण चुनीलालने स्वतः स्टुलावर चढून बांधलं होतं, आणि शांतीबाईनेच स्टूल धरलं होतं.

"जास्त शिकेल शे," चुनीलाल म्हणाला. "बाटलीमधलं शिकेल बाई मन्हा धाबावर बोलस."

नूतन रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती. बाटलीचा उल्लेख या घरात नवा नव्हता.

"धाब्यावर मी काही बोलत नाही, आई. धाब्याला खारी हवीच. तिथे माती आहे आणि लाकूड आहे. स्लॅबमध्ये लोखंड आहे. खारीत मीठ असतं, ते ओल धरून ठेवतं आणि ओलीबरोबर आत झिरपतं. आतली आसारी गंजते. गंजलं की लोखंड फुगतं आणि खालचं प्लास्टर ढकलून पाडतं. काल उशीवर पडलं ते पाण्याने नाही पडलं, गंजाने पडलं."

शांतीबाईने सुपातला एक खडा उचलून अंगणात भिरकावला. "एवढं मोठं मन्हा ध्यानमा ऱ्हावाव नही. थोडं थोडं सांग."

अंगणाच्या कोपऱ्यात ट्रॉलीभर ताजी खारी पडली होती. शुक्रवारी मजूर येऊन ती वर चढवणार होते. दाराआडून आता जे आलं ते थोडक्यातच आलं.

"ही खारी वर चढली, तर मी आणि रोशनी या घरात झोपणार नाही. शहाद्याला दुकानामागे दोन खोल्या रिकाम्या आहेत."

दुकान तिच्या नवऱ्याचं, धीरजचं, बी-बियाणं आणि खतांचं. धीरज तिथेच अंगणात मोटारसायकल पुसत होता, केव्हाचा एकच आरसा पुसत होता.

"सांग तिले, वाट मोकळी शे," चुनीलाल म्हणाला. आणि मुलाकडे पाहिलं. मुलगा आता म्हणेल, कोण कुठे जात नाही. धीरजने फडकं झटकलं आणि घडी घालून सीटखाली ठेवलं.

तेव्हा चुनीलालला पहिल्यांदा कळलं. हा जाणार. पुढच्या खोलीला कुलूप लागणार. आणि गाव काय म्हणणार ते त्याला शब्दन् शब्द ऐकू आलं: सगळ्यांची छपरं राखणाऱ्या चुनीलालच्या छपराखालून त्याचाच मुलगा पळाला.

दुपारी तो आणि धीरज जेवायला बसले. शांतीबाईने ताट सरकवलं. मिठाच्या चिमटीशेजारी आणखी एक चिमूट होती, करड्या पुडीची.

"हाई काय?"

"तिनी धाडेल शे. उशीवर पडनं ते कुटी आनं." शांतीबाई भाकरी वाढता वाढता म्हणाली. "म्हने, आबा गावभरनी माटी चाखतस, घरनी बी चाखोत."

चुनीलालने ताट ढकलून दिलं असतं. पण समोर धीरज बसला होता आणि त्याने घास तोडून हातातच धरला होता. नाही म्हणणं म्हणजे भिणं. चुनीलालने बोट ओलं केलं, पुडीला लावलं, जिभेवर ठेवलं.

आधी खारट. मग कडवट. मग जीभ घसरली.

सिमेंट आणि वाळूला अशी चव असायचं कारण नव्हतं. त्याला चव कळली एवढंच नाही, जागाही कळली. गोमाई नदीच्या अंगाच्या नाल्याची ही खारी, पहिली पाच-सहा वर्षं तो तिथूनच आणायचा. ती वरून खाली आली होती, विटेएवढं जाड काँक्रीट ओलांडून, नातीच्या उशीपर्यंत.

त्याने तांब्या उचलून चूळ भरली आणि दारातून बाहेर टाकली.

"चुनाना सवाद शे," तो म्हणाला. "दुसरं काही नही."

धीरज त्याच्याकडे बघत राहिला. आत स्वयंपाकघरात कोणीतरी पातेलं जरा जोरात खाली ठेवलं.

खोटं बोलून झालं की माणसाला लगेच काहीतरी करावंसं वाटतं. चुनीलालने हात धुतले आणि मोठ्याने म्हणाला, "हेमकांतले बलाव. फोडू दे छत. कुंड्या शेतस त्याना बरोबर खाले फोडू दे. दखू, पानी कोनं शे ते. आनि आसारी बी दखू. दहानी सांगीसन त्यानी आठनी टाकी व्हयी, माले पहिलापासून शक शे." दहा मिलिमीटरची सळई सांगून आठची घातली असेल, हा संशय तो पंधरा वर्षं जपून होता. एका दगडात सून आणि हेमकांत.

दाराआड बांगड्या वाजल्या. मग नूतन पदर सावरत उंबऱ्यावर आली, आणि शांतीबाईकडे न बघता बोलली.

"आबा."

शांतीबाईचा वाढता हात तिथेच थांबला. चार वर्षांत तो शब्द सरळ त्या दिशेने गेला नव्हता.

"एका जागी नाही, दोन जागी फोडायचं. कुंड्यांच्या खाली, आणि रोशनीच्या बिछान्याच्या वर. दोन्हीकडची आसारी मोजायची. कुंड्यांखालची जास्त झिजलेली निघाली, तर सगळ्या कुंड्या मी स्वतः उतरवीन आणि शुक्रवारी खारी चढवायला घमेली देईन."

"आनि बिछानावरनी निंघनी तर?"

तोही सरळ बोलला होता. ते त्याच्या नंतर लक्षात आलं.

"तर अंगणातली खारी परत नाल्यावर जाईल आणि वरची सगळी उतरेल. आणि त्या चार घरांत जाऊन तुम्ही सांगायचं. मी नाही, धीरज नाही. तुम्ही."

चुनीलालला वाटलं होतं ती फार तर घर सोडायचं पुन्हा बोलेल. हे त्याने धरलं नव्हतं. त्या चार घरांत एक शाळामास्तरचं होतं, एक दूध डेअरीच्या चेअरमनचं.

"मंजूर," तो म्हणाला, कारण धीरज अजून हातातला घास धरून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमकांत आला. पोट सुटलेलं, कानावर पेन्सिल, हातात छिन्नी-हातोड्याची पिशवी आणि सळईचा वीतभर तुकडा.

"काका, पंधरा वरीसमा आज आठवण उनी."

"तू उद्या येस सांगीसन गया व्हता."

"उनू ना मंग." हेमकांतने अंगणातल्या ढिगाकडे पाहिलं. "आजूनबी स्लॅबले पावडर लाई ऱ्हायनात का? नवरी शे का ती?"

"तुन्हा कामनी लाज झाकानी पडस."

"लाज दखूच आज." हेमकांतने सळईचा तुकडा शांतीबाईच्या ओट्यावर ठेवला. "हाऊ त्याच भारामधला. मन्हा गोदाममा पडेल व्हता. आधी हाऊ मोजा, मंग छतमधला. आठनी निंघनी तर मी ह्या गावमा थापी धरावु नही." मग त्याने छताकडे बघून आवाज जरा खाली आणला. "पन एक सांगस, काका. दहानी आसारी आठना खाले उतरनी व्हयी, तर त्या स्लॅबवर मानूस बी चढाडू नका. खारी तर लांब ऱ्हायनी."

धीरजने शहाद्याच्या लेथवाल्याकडून मोजायचा डिजिटल काटा मागून आणला होता, चिमट्यासारखा, छोट्या पडद्यावर आकडे दाखवणारा. त्यावरून आणखी एक भांडण झालं. वाचायचं कोणी? नूतन वाचणार नाही, चुनीलालने सांगितलं. हेमकांत वाचणार नाही, तो लबाड. धीरज? चुनीलालने मुलाकडे पाहिलं, आणि तेवढ्यावरूनच धीरज दोन पावलं मागे सरला.

"माले दे," शांतीबाई म्हणाली. "चौथी शिकेल शे मी. आकडा येतस माले. आनि एवढं टपाल वाह्यं, आखरीनं बी मीच वाहस."

यावर कोणाची हरकत नव्हती.

कुंड्यांचा पट्टा खालून नेमका कुठे येतो ते दाखवायला चुनीलाल वर गेला. कठड्यापासून हात मोजून तो खाली ओरडून सांगणार, मग हेमकांत खोलीत खूण करणार. त्याने कढई पायाने बाजूला सारली. मग एक डबा. खाली नुसतं काँक्रीट होतं, राखाडी, पाण्याचे डाग पडलेलं. खारी नव्हती.

तो वाकला. बोटाने चाचपलं. कधीच नव्हती. का नव्हती?

पऱ्हाट्या. स्लॅब झाला त्याच हिवाळ्यात त्याने कपाशीच्या वाळक्या काड्यांची गंजी इथे कठड्यालगत रचली होती, सरपणाला. दरवर्षी जुन्या संपायच्या आत नव्या यायच्या. खारी चढवणारे मजूर गंजीपर्यंत येऊन थांबायचे. सून आली, गॅस आला, गंजी गेली, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर तिने कुंड्या मांडल्या. म्हणजे या पट्ट्याने चार वर्षं पाणी पाहिलं होतं, खारी एकदाही नाही. पंधरा वर्षांत अख्ख्या स्लॅबवर अशी एवढीच जागा, आणि फोडायला ती त्याने स्वतः निवडली होती.

जिभेवर कालची चव परत आली.

"हेमकांत," त्याने खाली हाक मारली. "जरा थांब."

जिन्याच्या वरच्या पायरीवर नूतन होती. पदर डोक्यावर, नजर सरळ.

"का थांबायचं, आबा?"

जागा बदल म्हणायला काही लागत नव्हतं. टाकीखाली फोड, पन्हाळीजवळ फोड. तिथेही पाणी होतं, तिथेही तो दोष कुंड्यांवर ढकलू शकला असता. पण ती त्याच्या पायाशी बघत होती, जिथे बाजूला सारलेल्या कढईच्या जागी उघडं काँक्रीट होतं, आणि ते तिने चार वर्षांपूर्वीच पाहिलं असणार, पहिली कुंडी ठेवताना.

"तुले माहीत व्हतं," तो म्हणाला.

"जागा तुम्ही सांगितली. मी दुसरी मागितली फक्त."

त्याने कठड्यापासून हात मोजले. "अडीच हात," तो खाली ओरडला. "फोड."

छिन्नीचा आवाज बराच वेळ चालला. पूर्वेच्या बाजूचं काँक्रीट सुटेना. हेमकांत घामाघूम झाला, शिव्या देत राहिला, आणि त्या शिव्यांत आपल्याच कामाचं कौतुक मिसळत राहिला. बिछान्यावरच्या जागी दोन-तीन ठोक्यांतच लादीएवढी खपली सुटली आणि तिच्यामागून तांबडा भुगा सगळ्यांच्या डोक्यावर आला. धीरजने न विचारता रोशनीची गादी उचलून अंगणात नेली.

चुनीलाल खाली येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. वर बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

हेमकांतने तारेच्या ब्रशने दोन्ही जागा घासल्या. पहिल्या जागी ब्रश लोखंडावर वाजला. दुसऱ्या जागी तो खरखरत राहिला आणि खाली पापुद्रे पडत राहिले, कांद्याच्या वाळक्या सालींसारखे.

शांतीबाईने आधी ओट्यावरच्या तुकड्याला काटा लावला. पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"नऊ टिंब नऊ."

"दहानीच," हेमकांत म्हणाला.

धीरजने स्टूल धरलं. शांतीबाई लुगडं आवरून चढली, पूर्वेच्या जागेत हात घातला, काटा मिटवला.

"नऊ टिंब सात."

हेमकांतने काकाकडे पाहिलं. नूतनने पाहिलं नाही. ती छताकडे बघत होती.

स्टूल खोलीच्या मध्यावर सरकवलं. शांतीबाई पुन्हा चढली. सळई सगळीकडे सारखी नव्हती, म्हणून हेमकांत म्हणाला तसा तिने काटा तीन ठिकाणी लावला, आणि ज्या आवाजात ती चार वर्षं याचं त्याला आणि त्याचं याला सांगत आली होती त्याच आवाजात तिन्ही वाचले.

"सात टिंब तीन. सात टिंब एक. सहा टिंब आठ."